तुकडा पाच इंचांचा, चौक चौदाचा



आज वाकळेवर बोलू. कुठं तिला गोधडी म्हणतात, सीमेपलीकडच्या कानडी घरांत कौदी म्हणतात, आपण वाकळ म्हणतो. राधानगरीच्या बाईला वाकळ शिवायला शिकवायचं म्हणजे भोगावतीला पाणी दाखवायला नेल्यासारखं आहे. तुमच्यातल्या निम्म्याजणी शाळेत जायच्या आधीपासून आजीला सुईत दोरा ओवून देत होत्या. तेव्हा टाका कसा घालायचा हे आम्ही सांगणार नाही. आम्ही सांगणार आहोत ते एवढंच, की एक वाकळ आठ-दहा घरांत बसून कशी शिवायची आणि त्या सगळ्या घरांतून आलेले भाग शेवटी एकमेकांना बिनचूक कसे जुळवायचे.

असं करायची गरज का पडली ते आधी सांगतो. आमच्या समूहात दहाजणी आहोत. दुपारी दोन ते चार देवळात बसून वाकळ शिवायची असं ठरलं, की येतात चारजणी. एकीचं बाळ अंगावर, एकीचे गुडघे धरलेले, एक भांगलणीला गेलेली, एकीच्या घरी पाहुणे. मग ज्या येतात त्याच शिवतात. पैसे आले की नाव त्यांचंच निघतं. ज्या आल्या नाहीत त्या पुढच्या बैठकीला कोपऱ्यात गप्प बसतात. समूह मोडायला कर्जाचीच थकबाकी लागते असं नाही, एवढंही पुरतं.

म्हणून आम्ही काम तोडलं. कापड कापायचं एकाच ठिकाणी, एकाच साच्यानं, एकाच हातानं. शिवायचं मात्र ज्हिच्या तिच्या घरी, ज्या वेळेला जमेल त्या वेळेला. आमच्यात आता तीन शब्द रुजलेत. ५ इंच लांब, ५ इंच रुंद कापलेल्या चौकोनाला आम्ही तुकडा म्हणतो. तीन ओळींत तीन-तीन असे ९ तुकडे जोडले की तो एक चौक. आणि २० चौकांची एक वाकळ. म्हणजे एका वाकळेला तुकडे लागतात १८०. हे आकडे कुठंतरी लिहून ठेवा, पुढं सगळा हिशेब यांच्यावरच आहे.

आता साचा. पुठ्ठ्याचा साचा करू नका. चाळीस-पन्नास तुकडे काढले की खडू घासून त्याची कड आत जाते, कोपरे झिजतात, साचा रोज थोडा-थोडा लहान होत जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पहिला तुकडा नि शंभरावा तुकडा मग एका मापाचा राहत नाही. गावातल्या सुताराकडून प्लायवूडचा तुकडा ५ बाय ५ चा कापून घ्या, गुण्या लावून. त्याच्याकडं तसले उरलेले तुकडे पडलेलेच असतात. घरी आणल्यावर टेपनं चारी बाजू मोजा आणि मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून मोजा. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत, ७ इंचांच्या किंचित वर. एक जास्त नि एक कमी आली तर साचा तिरका आहे, बाजू बरोबर असल्या तरी.

कापड कुठलं घ्यायचं? सुती. याच्यावर आम्ही अडून बसतो. कापड सुती आहे का हे दुकानदाराला विचारू नका, त्याचा एक धागा काढून चुलीपाशी धरा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो, मागं राख राहते आणि ती बोटानं चुरते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. जून महिन्यात टेलरकडं गणवेशाची भरपूर कातरण पडते, फुकट मिळते, म्हणून मोह होतो. पण तिच्यात बहुतेक टेरिकॉट असतं. सुतीला सुतीच जोडा. सुती कापड धुतल्यावर आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि मग दोन धुण्यांतच वाकळेवर सुरकुत्या पडतात त्या जात नाहीत.

गांधीनगरच्या पेठेतून कापड आणायच्या आधी आपली ट्रंक उघडा. ओटीतले ब्लाउजपीस निघतील. घरोघर फिरणारा, कुणीच न शिवणारा, घडी न मोडलेला ब्लाउजपीस. यातला जो सुती निघेल तो आपल्या कामाचा. ८० सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसला ३६ इंचांचा पन्हा असेल तर आडवे ७ आणि उभे ६ असे ४२ तुकडे निघतात. म्हणजे पाच ब्लाउजपिसांत एका वाकळेचे तुकडे निघून वर थोडे उरतात. मीटरनं कापड घेतलं तर ३६ च्या पन्ह्यात एका मीटरला ४९ तुकडे बसतात, वाकळेला चार मीटर पुरतं.

नवं कापड कापायच्या आधी धुवाच. त्याची खळ निघते, जे आटायचं ते आटून घेतं आणि रंग जाणारा आहे की नाही ते कळतं. लाल, गडद निळं, काळं कापड असेल तर ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवा. तिसऱ्यांदाही लागला तर बाजूला ठेवा, दुसऱ्या कशाला तरी होईल. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. त्याच्यावर विसंबून पांढऱ्याशेजारी लाल लावू नका.

कापताना साच्याची कड कापडाच्या उभ्या धाग्याला धरून लावा. तिरकी लावली तर तुकडा उरेब कापला जातो आणि उरेब कापड ओढलं की ताणतं. तुकडा हातात घेऊन दोन्हीकडून हलकं ओढून बघा. रबरासारखा लांबला तर तो चौकात घालू नका. कापडाची चार पदरी घडी घाला, टाचण्या लावा, खडूनं साचा आखा आणि रेषेच्या आतून नाही, बाहेरून नाही, रेषेवरून कापा. चारपेक्षा जास्त पदर घेतले की खालचा पदर सरकतो. आणि ती कातर फक्त कापडाची. तिनं दुधाची पिशवी कापायची नाही, पोराच्या वहीचा कागद कापायचा नाही. आमच्या समूहात कातर कापडात गुंडाळून पेटीत ठेवतात आणि किल्ली जिच्याकडं कापायचं काम असतं तिच्याकडं असते.

तुकडे झाले की गडद आणि फिके असे दोन ढीग करा. वाकळेला ९० गडद, ९० फिके लागतात. चौक दोन तऱ्हेचे. एकात ५ गडद, ४ फिके, म्हणजे चार कोपरे आणि मधला गडद. दुसऱ्यात ५ फिके, ४ गडद. असे १० आणि १०. शेवटी एकाआड एक मांडले की सगळी वाकळ बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. ९-९ तुकड्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधा आणि बैठकीच्या दिवशी वाटा. ज्हिला दोन जमतील तिनं दोन न्यावेत, ज्हिला चार जमतील तिनं चार.

घरी गेल्यावर काय करायचं? तीन तुकड्यांची एक ओळ, अशा तीन ओळी आधी शिवायच्या. मग ओळीला ओळ जोडायची. माया ठेवायची पाव इंच, म्हणजे दोन सूत. इंचाचे आठ सूत असतात हे टेलरकडं काम केलेल्या मुलींना माहीत आहे, बाकीच्यांनी टेपवर एकदा बघून घ्या. मशिनवर टीप मारणार असाल तर सुईपासून दोन सूत अंतरावर पाट्यावर एक पट्टी चिकटवा, कापडाची कड तिला धरून चालवा. हातानं शिवणार असाल तर पहिले काही तुकडे पेन्सिलीनं रेघ आखून शिवा. पाच-सहा टाक्यांनंतर एक उलटा टाका घाला, शिवण उसवत नाही.

शिवण उघडून दाबायची नाही, एका बाजूला पाडायची, आणि ती नेहमी गडद तुकड्याकडं. त्यानं फिक्या कापडातून आतली माया दिसत नाही. आणखी एक फायदा असा, की पहिल्या ओळीची माया बाहेरच्या बाजूला जाते, दुसऱ्या ओळीची आतल्या बाजूला, मग ओळीवर ओळ ठेवली की दोन्ही शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि चार तुकड्यांचा कोपरा बोटालाच कळतो. टाचणी तिथंच लावा. इस्त्री नसेल किंवा लाईट गेली असेल तर तांब्यात निखारे घालून फिरवा. पूर्वी परटाची इस्त्री यायच्या आधी घरात तेच चालायचं. तेही नको असेल तर लाकडी पाटावर कापड ठेवून नखानं दाबलं तरी चौकापुरतं भागतं.

चौक झाला की मोजायचा. तो १४ इंच भरला पाहिजे. एवढी एकच परीक्षा. साडेतेरा भरला तर माया दोनऐवजी तीन सूत घेतली आहे. साडेचौदा भरला तर एक सूतच घेतली आहे. कुणाची चूक, कुठं चूक, याच्यावर भांडण नाही, टेप सगळं सांगते. एका ओळीत चार चौक बसतात. चारही अर्ध्या-अर्ध्या इंचानं कमी पडले तर ती ओळ शेजारच्या ओळीपेक्षा दोन इंच आखूड होते. मग ओढून-ताणून जोडायचं म्हणजे वाकळेला पोट सुटतं.

इथं आमच्या एका मावशींची गोष्ट सांगायला हवी. वय सत्तरीच्या पुढं. आमच्यात सगळ्यात बारीक टाका त्यांचा. टेप हातात दिली तर म्हणाल्या, “वाकळ काय सातबारा हाय व्हय, मापात बसवायला? मी पन्नास वाकळा शिवलो, एकीला टेप लावली न्हाई, आन् एक उसवली न्हाई.” मावशी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या घरातल्या वाकळा आम्ही बघितल्यात. एक चौकोन दुसऱ्यासारखा नाही, कुठं लुगड्याचा काठ, कुठं धन्याच्या सदऱ्याची बाही, आणि तरी सगळी वाकळ सपाट, तिला कुठं घडी नाही. कारण ती सगळी एका हाताची आहे. पहिला टाका चुकला तर शेवटच्या टाक्यापर्यंत तोच हात सावरून घेतो. घरच्या अंथरुणासाठी वाकळ शिवायची असेल तर मावशींसारखीच शिवावी असं आमचं मत आहे, त्यात साचा आणून तिचा बेरंग करू नये. पण दहाजणींचे हात असतील तर सावरून घेणार कोण? तिथं टेपच लागते. मावशींनी शेवटी आपल्या पद्धतीनं तोड काढली. करंगळीच्या नखाची रुंदी टेपवर धरून बघितली, ती दोन सूत भरली, आणि तेव्हापासून त्या माया नखानं मोजतात. त्यांचा चौक चौदाच भरतो.

चौक जमा झाले की जमिनीवर मांडा. आडवे चार, उभे पाच. लांबून बघा, दोन सारखे रंग शेजारी आले असतील तर बदला. जोडणं मशिनवर करायला हरकत नाही, तिथं वेळ वाचतो. जोडल्यावर वरचा थर साधारण ५४ इंच रुंद आणि साडेसदुसष्ट इंच लांब होतो. चारी बाजूंनी ३ इंचांची पट्टी लावली की ६० बाय साडेत्र्याहत्तर, म्हणजे पाच फूट रुंद आणि सहा फुटांना थोडी जास्त. एका माणसाला ऐसपैस.

आता आत काय घालायचं? आपल्याकडची जुनी वाकळ चार-चार, पाच-पाच पदरांची असते, उबदार असते हे खरं. पण धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात त्या दिवसांत ती जाड वाकळ घरात पोराबाळांनी ओली केली तर आठ दिवस वाळत नाही, कुबट वास मारते. आणि दसरा काढताना ती भोगावतीच्या काठावर धुवून पिळायला दोघीजणी लागतात. विकायच्या वाकळेत आम्ही जुन्या मऊ सुती साडीचे दोनच पदर घालतो आणि खाली मांजरपाट. शहरातल्या बाईकडं नदीही नाही आणि पिळायला जाऊही नाही, तिच्या मशिनमध्ये मावली पाहिजे.

तिन्ही थर अंथरायला सारवलेली किंवा फरशीची सपाट जमीन हवी. खालचं कापड ताठ पसरून कडेला वरवंटा, तांबे, जे जड असेल ते ठेवा. वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. इथं कंटाळा केला तर नंतर मधोमध फुगा येतो आणि तो कुठल्याही टाक्यानं जात नाही. मग धावदोरा. कडेपासून सुरू करून गोल-गोल आत जायचं, ओळीत ओळ इंचाच्या अंतरावर, जशी आपली जुनी पद्धत आहे तशी. आम्ही एकदा हिशेब मांडला. या मापाच्या वाकळेत इंचाइंचावर ओळी घातल्या तर ११० मीटरच्या वर धावदोरा होतो. गावच्या एका गल्लीची लांबी म्हणा. एका सुईनं.

धावदोऱ्यावरून आठवलं. बेळगाव ओलांडून खाली हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका जी वाकळ शिवतात तिला कवंदी म्हणतात, आणि तीही कडेपासून आत अशीच गोल शिवत नेतात. पण चारी कोपऱ्यांवर त्या कापडाची त्रिकोणी घडी घालून एक-एक फूल बसवतात. फूल नसलेली कवंदी त्यांना उघडी वाटते, कुंकू न लावल्यासारखी म्हणा. आपल्या पट्टीच्या वाकळेला असं काही आपलं लावता येईल का, याचा विचार करा. खणाचा एक तुकडा कोपऱ्यात बसवला तरी बघणाऱ्याला ती कोल्हापूरची आहे हे कळेल.

आता पैशाचं बोलू.

मागं एक व्यापारी आला होता. शिवण बघून खूश झाला. पन्नास वाकळा हव्यात म्हणाला, एका वाकळेला ७०० रुपये देतो. पन्नास सत्ते ३५,००० रुपये. बैठकीत आकडा ऐकून बायकांचे डोळे चमकले, नाही कशाला म्हणू. पण आम्ही म्हटलं, आधी तास मोजू. कापायला ३ तास. एक चौक हातानं शिवायला तास, म्हणजे २० तास. चौक एकमेकांना जोडायला ७. अंथरून कच्चे टाके घालायला ३. धावदोऱ्याला ३६. कडेचा गोट लावायला ४. झाले ७३ तास. आठ तासांचा दिवस धरला तर नऊ दिवस. आता तुमच्या गावात भांगलणीला जी मजुरी मिळते ती धरा. आम्ही हिशेबाला ३०० धरले, २,७०० झाले. कापड, मांजरपाट, दोरा मिळून ५०० धरले. म्हणजे ३,२०० रुपयांच्या खाली ती वाकळ गेली तर आपण भांगलणीपेक्षा कमी पैशात राबलो. आणि ७०० मधून कापडाचे ५०० गेले की नऊ दिवसांच्या कष्टाला उरतात २००. दिवसाला बावीस रुपये.

बैठकीत एकजण म्हणाली, “घरात बसून मोकळंच असतो की, तेवढं तरी मिळंल.” हा विचार सगळीकडं आहे, म्हणून इथं मुद्दाम सांगतो. ती मोकळी नव्हती. सकाळी पाचला उठून दुपारी दीडला जेवणारी बाई मोकळी कशी? तिच्या कामाला कुणी तास लावलेले नव्हते, एवढंच. आम्ही व्यापाऱ्याला हिशेबाचा कागद दाखवला. मशिनवर चौक शिवले तर ५० तासांत होईल, तरी कापडासकट २,४०० च्या खाली जमणार नाही म्हणालो. तो चहा पिऊन गेला, परत आला नाही. दोघीजणी आमच्यावर पंधरा दिवस नाराज होत्या आणि त्यांना दोष देता येत नाही. हातात आलेली रक्कम गेली होती.

मग करायचं काय? नुसतं नाही म्हणून चूल पेटत नाही.

अमेरिकेत अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथं कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या बायकांनी १९६६ साली फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. मतदानाचा हक्क मागितला म्हणून त्या भागातल्या कित्येक कुटुंबांची कामं गेली होती, घरं गेली होती. त्यांच्या वाकळा न्यूयॉर्कच्या बड्या दुकानांपर्यंत गेल्या. पण संस्थेला दर महिन्याचं काम मिळालं ते १९७२ पासून सिअर्स या मोठ्या कंपनीकडून, आणि ते वाकळांचं नव्हतं, कॉर्डुरॉयच्या उशांच्या खोळींचं होतं. म्हणजे नाव वाकळेनं केलं आणि डाळ-तांदूळ खोळीनं आणला. आमच्याही डोक्यात हेच बसलं.

कारण आपल्याकडं चौक आहे. १४ इंचांचा एक चौक म्हणजे एक उशीचा अभ्रा. त्याला कडेनं पट्टी लावली की १६ इंचांची उशी बसते. दोन चौकांची बाजारची पिशवी होते. सहा चौकांचं, आडवे दोन नि उभे तीन, बाळाचं दुपटं होतं, त्याला ५४ तुकडे लागतात. दुपट्याला मात्र नवं कडक कापड नको, जुन्या धुवट साड्याच घ्या. अभ्र्याचा हिशेब बघा. मशिनवर चौक, मागची बाजू, थोडा धावदोरा, मिळून दोन तास. तासाला साडेसदतीस रुपयांनी ७५. कापड ४०. झाले ११५. तो १५० ला विकला की बाईची मजुरी सुटते आणि समूहाच्या खात्यात ३५ पडतात. प्रदर्शनात उभी राहिलेली बाई दीडशेला हात सैल सोडते, तीन हजाराला नवऱ्याला फोन लावते. मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जायचं असेल किंवा तालुक्याच्या गावी टेबल मांडायचं असेल, तर समोर अभ्रे आणि पिशव्या ठेवा, आणि मागं भिंतीवर एकच वाकळ टांगा. तिची किंमत ३,२०० लिहून ठेवा, खाली तासांचा हिशेबही लिहा. आमच्याकडं लोक तो कागद उभं राहून वाचतात. वाकळ मात्र आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय शिवायला काढत नाही.

तेच तेच करून कंटाळा आला तर त्याच तुकड्यांतून दुसरं निघतं. गडद तुकड्यावर फिका तुकडा समोरासमोर ठेवा, कोपऱ्यातून कोपऱ्यात पेन्सिलीनं रेघ मारा, रेघेच्या दोन्हीकडं दोन सुतांवर शिवा आणि मग रेघेवर कापा. दोन त्रिकोणांचे दोन चौकोन तयार मिळतात. कडा साफ करून साडेचार इंचांचे करा. असे चार फिरवून जोडले की भिरभिरं होतं, साडेआठ इंचांचं. आणखी एक गंमत. नऊ तुकड्यांचा शिवलेला चौक घ्या आणि चक्क मधोमध उभा, मधोमध आडवा कापा. ७-७ इंचांचे चार भाग होतील. त्यातले समोरासमोरचे दोन भाग फिरवून परत शिवा. लहान-मोठ्या चौकोनांची अशी नक्षी येते, की बघणारीला वाटतं फार अवघड काम आहे. कापताना पहिल्यांदा जीव वर-खाली होतो. हा चौक मात्र आता साडेतेरा भरतो, चौदाच्या चौकांत तो मिसळू नका.

शेवटचं, वहीचं. प्रत्येक चौकाच्या मागच्या बाजूला शिवणारीनं आपल्या ठरलेल्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका घालायचा. एकीचा लाल, एकीचा हिरवा. चौक जमा होताना दोघींच्या समोर टेप लावायची, चौदा भरला की वहीत तिच्या नावापुढं एक रेघ. कमी-जास्त भरला तर तो तिच्याकडंच परत, तीच उसवणार, तीच शिवणार, दुसरीनं करून द्यायचा नाही. महिनाअखेर रेघा मोजून पैसे, आणि ते तिच्या स्वतःच्या खात्यावर. कापणारीचे तास वेगळे लिहायचे, नाहीतर तिचं काम कुणाला दिसतच नाही. आमच्या वहीत मागच्या वेळी सगळ्यात जास्त रेघा बाळंतीण असलेल्या मुलीच्या निघाल्या. ती बैठकीला चार महिने आली नव्हती. तिचे चौक तिची नणंद आणून देत होती.

पुढच्या वेळी गोट लावणं आणि कोपरा मोडणं सांगू, ते वेळ घेऊन सांगण्यासारखं आहे. तोवर सुताराकडून साचा करून घ्या आणि ट्रंकेतले ब्लाउजपीस धुवून वाळत घाला. पाऊस लागायच्या आत, ऊन आहे तोवर.